रिकाम्या परत गेलेल्या दोन जागा: सीमाभागातील एका विद्यापीठाचं परदेशी सत्र

पहिल्या फेरीत विद्यापीठाकडे चार जागा होत्या. एम.एस्सी.च्या विद्यार्थ्यांनी जर्मनीतल्या भागीदार विद्यापीठात एक सत्र शिकायचं, शिक्षणशुल्क नाही, वर महिन्याची शिष्यवृत्ती. दोन जागा भरल्या, त्याही बेळगाव शहरातल्या मुलांनी. उरलेल्या दोन न भरताच जर्मनीला परत गेल्या. समितीच्या इतिवृत्तात कारण लिहिलं होतं: ‘पात्र अर्जदार उपलब्ध नाहीत.’

खानापूर, निपाणी, चिकोडी, हुक्केरी या तालुक्यांतून आलेली कितीतरी मुलंमुली तेव्हा त्याच विभागांत शिकत होती. त्यांच्यात एकही पात्र नव्हता, हे वाक्य मला पटत नाही. ते खोटं का होतं आणि दुसऱ्या फेरीत काय बदललं, हे इथे मांडलं आहे. विद्यापीठाचं आणि माणसांचं नाव दिलेलं नाही. सीमाभागातल्या विद्यार्थ्यांपुढे पुन्हा पुन्हा येणाऱ्या अडचणी एका प्रातिनिधिक प्रकरणात बसवल्या आहेत. नियम आणि रकमा मात्र खऱ्या आहेत.

योजनेची रचना

पैसा युरोपीय संघाच्या ‘एरास्मस प्लस’ योजनेचा. एरास्मस १९८७ मध्ये युरोपातल्या युरोपात सुरू झाली. नंतर ती बाहेरच्या देशांसाठी खुली झाली आणि आज भारतातला विद्यार्थी आपल्याच विद्यापीठात नाव ठेवून काही महिने तिकडे शिकू शकतो. तिथले श्रेयांक (क्रेडिट) इथल्या पदवीत धरले जातात. जर्मनीला येणाऱ्या विद्यार्थ्याला महिन्याला ९०० युरो मिळतात आणि प्रवासासाठी अंतराच्या टप्प्यानुसार ठरावीक रक्कम वेगळी. युरो शंभर रुपयांच्या आसपास धरला तर महिन्याला ९० हजार रुपये. खानापूर तालुक्यातल्या कुठल्याही घरात हा आकडा ऐकला की पहिल्यांदा अविश्वासच दिसतो.

पूर्ण पदवीसाठी परदेशी जायचं असेल तर सरकारी योजना आहेत. केंद्राची राष्ट्रीय परदेशी शिष्यवृत्ती आहे, कर्नाटकात अनुसूचित जाती-जमातींसाठी ‘प्रबुद्ध’ आहे. सीमाभागात हमखास विचारला जाणारा प्रश्न म्हणजे महाराष्ट्राची राजर्षी शाहू महाराज शिष्यवृत्ती आम्हाला चालेल का. ती महाराष्ट्राच्या रहिवाशांसाठी आहे, त्यामुळे बेळगाव-खानापूरच्या मुलाला ती मिळत नाही. यातली एकही योजना एका सत्रासाठी नाही. म्हणून भागीदार विद्यापीठामार्फत आलेल्या अशा चार जागा फार मोलाच्या असतात, आणि त्यातल्या दोन परत जाणं हे नुसतं कार्यालयीन अपयश म्हणून सोडून देता येत नाही.

पहिल्या फेरीची सूचना

सूचना विद्यापीठाच्या संकेतस्थळावर इंग्रजीत लागली. मुदत जेमतेम दहा दिवसांची. अर्जासोबत वैध पासपोर्टची प्रत, आयईएलटीएस या इंग्रजीच्या परीक्षेचा निकाल, विभागप्रमुखांचं शिफारसपत्र आणि ‘प्रवासखर्च सुरुवातीला स्वतः करण्याची तयारी’ असल्याचं हमीपत्र.

ही सूचना नीट वाचली की अर्ज कोण करू शकणार होतं ते तिथेच कळतं. आयईएलटीएसची फी सुमारे १८ हजार रुपये. पासपोर्टची १,५०० रुपये. पासपोर्ट काढणं फार अवघड नाही, टपाल खात्याचं पासपोर्ट सेवा केंद्र बेळगावातच आहे. पण पोलिस पडताळणी धरून दहा दिवसांत तो हातात पडेल अशी आशा कुणी धरत नाही. म्हणजे घरात आधीपासून पासपोर्ट आहे आणि निवड होईल की नाही हे ठाऊक नसताना वीस हजार रुपये घालवता येतात, अशाच मुलाने अर्ज करावा, असं त्या सूचनेत न लिहिता लिहिलं होतं.

दोन विद्यापीठांमधला करार दुसऱ्या फेरीच्या आधी विद्यापीठाच्या आंतरराष्ट्रीय कक्षाच्या समन्वयक मॅडमनी काढून वाचला. त्यात इंग्रजीची ‘बी-२’ पातळी (युरोपीय मोजपट्टीवर मध्यमाच्या वरची) हवी एवढंच होतं. ती कशी सिद्ध करायची ते पाठवणाऱ्या विद्यापीठावर सोडलं होतं. नामांकनाच्या वेळी पासपोर्ट हवा असंही कुठे नव्हतं. तो व्हिसाच्या वेळी लागतो. अडणाऱ्या अटी जर्मनीने घातलेल्याच नव्हत्या. त्या इथल्याच टेबलावर, कदाचित जबाबदारीच्या भीतीने, भर पडत पडत आलेल्या होत्या. कुणाच्या मनात वाईट हेतू होता असं मला वाटत नाही. पण परिणाम तोच झाला.

क्रम उलटा केला

मॅडमनी समितीपुढे एकच प्रस्ताव ठेवला: निवड आधी, कागद नंतर. निवड झालेल्याला पासपोर्टसाठी आठ आठवडे द्यायचे. आयईएलटीएसऐवजी इंग्रजी विभागाने घेतलेली तोंडी-लेखी चाचणी आणि शिक्षणाचं माध्यम इंग्रजी असल्याचं पत्र. भागीदार विद्यापीठाने हे एका ईमेलमध्ये मान्य केलं.

समितीतल्या एका ज्येष्ठ प्राध्यापकांनी हरकत घेतली, ‘आपण गुणवत्तेशी तडजोड करतोय.’ ही हरकत प्रामाणिक होती म्हणून तिचं उत्तरही नीट द्यायला हवं. पासपोर्ट असणं ही गुणवत्ता नव्हे. दहा दिवसांत १८ हजार उभे करता येणं हीही नव्हे. मराठी माध्यमातून एसएसएलसी (कर्नाटकातली दहावी) झालेली मुलगी पीयूसीपासून (अकरावी-बारावी) इंग्रजीत शिकून एम.एस्सी.त पहिल्या पाचांत येते, तेव्हा तिच्या गुणवत्तेचा पुरावा तिच्या मार्क्सकार्डात असतो. आधीची पद्धत तो पुरावा बघण्याआधीच तिला बाहेर ठेवत होती.

सूचना इंग्रजी, कन्नड आणि मराठीत निघाली. मराठी प्रत विद्यार्थ्यांसाठी कमी आणि आईवडिलांसाठी जास्त होती. माहितीसभा विद्यापीठात न घेता खानापुरात आणि निपाणीत घेतल्या, त्याही आठवडी बाजाराच्या दिवशी, कारण त्या दिवशी पालक तालुक्याला येतातच. जून २०२३ पासून कर्नाटकात महिलांना राज्य परिवहनच्या साध्या बसमध्ये मोफत प्रवास आहे. त्यामुळे मुलींना कागदपत्रांसाठी बेळगावला चार खेपा घालणं तरी परवडू लागलं आहे. आयांनाही. खानापूरच्या सभेत वडिलांपेक्षा आया जास्त होत्या, ते मला महत्त्वाचं वाटलं.

निवड झाली

या फेरीत निवडल्या गेलेल्यांत खानापूर तालुक्याच्या पश्चिम टोकाची, कणकुंबीच्या बाजूची एक विद्यार्थिनी होती. विषय पर्यावरणशास्त्र. मलप्रभा जिथे उगम पावते त्या भागातली, भीमगड अभयारण्याच्या कडेला वाढलेली. आई शेती आणि चार काजूची झाडं सांभाळते, वडील गोव्यात एका हॉटेलच्या स्वयंपाकघरात कामाला. मुलाखतीत तिने पावसाळ्यात गावचे झरे कसे बदलले आणि त्याची नोंद ती कशी ठेवते, हे अडखळत पण नेमकं सांगितलं. इंग्रजी शहरातल्या मुलांइतकं सफाईदार नव्हतं, पण विषय तिला सगळ्यांत जास्त कळत होता. समितीचं यावर एकमत झालं, हरकत घेणाऱ्या सरांसकट.

वडील गोव्याहून एक दिवसाची सुट्टी काढून आले. त्यांनी मॅडमना विचारलं, ‘पोरगी हुशार हाय, जाऊ दे की. पण हितनं निघायच्या आधी किती घालायचे, तेवढं सांगा.’

सगळ्या प्रकरणातला खरा प्रश्न हाच होता. शिष्यवृत्ती किती मिळणार हे कक्षाच्या माहितीपत्रकात ठळक छापलं होतं. ती कधी मिळणार आणि तोवर कुणाच्या खिशातून जाणार, हे त्यात कुठेच नव्हतं.

नावांचा घोळ

पैशाआधी कागद आडवे आले. एसएसएलसीच्या मार्क्सकार्डावर मुलीचं नाव आणि आडनाव. पीयूसीच्या कार्डावर नावामागे एक आद्याक्षर. पदवीच्या कार्डावर आडनाव आधी. आधारवर वडिलांचं नाव मध्ये. त्यात वडिलांच्या नावात ‘ज्ञ’. मराठी शाळेत तो इंग्रजीत डी-एन-वाय असा लिहिला गेला होता, कन्नडमध्ये नोंद करणाऱ्या कचेरीत जे-एन असा. एकाच माणसाची दोन नावं तयार झाली होती. सीमाभागातल्या मराठी घरांत हे इतकं सार्वत्रिक आहे की त्याकडे कुणी चूक म्हणून बघतही नाही, आणि पासपोर्टच्या खिडकीवर तेच अडतं.

कक्षाने इथे एक साधा नियम ठरवला आणि तो प्रत्येक आंतरराष्ट्रीय कक्षाने उचलावा असा आहे. एसएसएलसीचं कार्ड पाया धरायचं. ते बदलायला शाळेमार्फत बेंगळूरच्या मंडळाकडे जावं लागतं आणि महिने जातात. आधार मात्र लवकर दुरुस्त होतं. म्हणून बाकीचे कागद एसएसएलसीशी जुळवून घ्यायचे आणि पासपोर्टवर नाव व आडनाव हे दोन्ही रकाने भरलेले असल्याची खात्री करायची. आडनावाचा रकाना रिकामा सोडलेला पासपोर्ट पुढे परदेशी अर्जांत वारंवार त्रास देतो. या मुलीचं आधार दुरुस्त झालं, पासपोर्ट सहा आठवड्यांत आला. पहिल्या फेरीच्या दहा दिवसांत हे कसं बसलं असतं?

९२ युरो

जर्मनीच्या विद्यार्थी व्हिसासाठी राहण्याखाण्याची सोय दाखवावी लागते. सप्टेंबर २०२४ पासून ही रक्कम महिन्याला ९९२ युरो, वर्षाला ११,९०४ युरो आहे. शिष्यवृत्ती त्याहून कमी असेल तर फरक स्वतः दाखवायचा. शिष्यवृत्ती ९०० ची. फरक महिन्याला ९२ युरो, पाच महिन्यांचे ४६०, म्हणजे साधारण ४६ हजार रुपये. वर तिथल्या विद्यार्थी आरोग्य विम्याचे महिन्याला १४० युरोच्या आसपास, तेही ९०० मधूनच.

घरात सोनं सोसायटीत गहाण ठेवण्याची बोलणी सुरू झाली होती. बेळगावकडे अडीअडचणीला हाच मार्ग असतो, आणि बरीच घरं तो मुलीच्या शिक्षणासाठी वापरतात तेव्हा मला त्यांच्याबद्दल फार आदर वाटतो. पण इथे त्याची गरज नव्हती. एरास्मसमध्ये ‘कमी संधी असलेल्या’ विद्यार्थ्यांसाठी महिन्याला २५० युरोची जादा मदत आहे. ती धरली की रक्कम ११५० होते, ९९२ ची अट पार होते आणि विम्याचाही भार हलका होतो. कमी संधी कुणाला म्हणायचं हे त्या देशातली राष्ट्रीय संस्था ठरवते. जर्मनीत आईवडिलांपैकी कुणीच उच्च शिक्षण घेतलेलं नाही अशा घरातलं असणं, हाही निकष आहे. त्यासाठी विद्यार्थ्याचं स्वतःचं घोषणापत्र लागतं. ही मुलगी नाडकचेरीत (महसूल खात्याच्या स्थानिक कचेरीत) उत्पन्नाच्या दाखल्यासाठी रांगेत उभी राहून आली होती, त्याची इथे आवश्यकताच नव्हती.

ही जादा मदत पहिल्या फेरीतही होती. कुणी मागितली नाही म्हणून मिळाली नाही. अशा गोष्टी माहितीपत्रकाच्या पहिल्या पानावर हव्यात. ‘महिन्याला ९०० युरो’ या ओळीखाली लगेच ‘आईवडिलांपैकी कुणीच कॉलेजात गेलेलं नसेल तर ११५०’ असं मराठीत आणि कन्नडमध्ये छापलं असतं, तर पहिल्या फेरीतही अर्ज वाढले असते असा माझा विश्वास आहे.

तिकीट कुणी काढायचं

विमानाचं जाऊन-येऊन तिकीट अर्ध्या लाखाच्या पुढे जातं. प्रवासाची रक्कम भागीदार विद्यापीठ देतं, पण तिथे पोहोचून बँक खातं उघडल्यावर, अशी पद्धत पडली होती. मॅडम वित्त अधिकाऱ्यांकडे गेल्या. विद्यापीठाने तिकिटाचे पैसे आगाऊ द्यावेत, शिष्यवृत्ती आली की विद्यार्थिनी परत करेल. वित्त अधिकाऱ्यांनी नकार दिला. विद्यार्थ्याला वैयक्तिक आगाऊ रक्कम देण्याचं लेखाशीर्ष नाही आणि लेखापरीक्षणात ते निघेल. त्यांच्या जागेवरून त्यांचं बरोबर होतं.

मार्ग जर्मनीच्या बाजूने निघाला. एरास्मसच्या नियमांत संस्थेला प्रवासाची रक्कम रोख देण्याऐवजी तिकीटच काढून देता येतं. शिष्यवृत्तीचा पहिला हप्ताही निघण्याआधी, करारावर दोघांच्या सह्या झाल्यावर देता येतो. भागीदार विद्यापीठाला हे कुणी विचारलंच नव्हतं. मॅडमनी पत्रात स्पष्ट लिहिलं की हे दोन्ही झालं नाही तर ही विद्यार्थिनी येऊ शकणार नाही. दोन्ही झालं. पहिला हप्ता खानापूरच्या तिच्या बचत खात्यात आला. त्यासाठी बँकेत खात्यावरचं नाव पासपोर्टप्रमाणे करून घ्यावं लागलं, तो ‘ज्ञ’ इथेही आडवा आलाच.

एरास्मसमधून प्रत्येक सहभागी विद्यार्थ्यामागे ५०० युरो संघटनात्मक खर्चासाठी मिळतात आणि ते दोन्ही विद्यापीठांनी वाटून घ्यायचे असतात. इथल्या विद्यापीठाने आपला वाटा कधी मागितलाच नव्हता. तो मागितला, आणि त्यातून पासपोर्टची फी, बेंगळूरचा प्रवास आणि कागदपत्रांच्या प्रमाणीकरणाचा खर्च भागवायचा असा ठराव झाला. वित्त अधिकाऱ्यांना याला हरकत नव्हती, कारण याला लेखाशीर्ष होतं.

बेंगळूरचा प्रवास हा सीमाभागाचा खास भाग. व्हिसासाठी जर्मन वाणिज्य दूतावासाचं कार्यक्षेत्र राज्यानुसार ठरतं. कोल्हापूरच्या विद्यार्थ्याचा अर्ज मुंबईच्या कार्यक्षेत्रात येतो, बेळगावच्या विद्यार्थ्याचा बेंगळूरच्या. पुणे बेळगावला बेंगळूरपेक्षा कितीतरी जवळ, पण ते मुंबईच्या कार्यक्षेत्रात, म्हणून उपयोग नाही. वडील-मुलगी राणी चन्नम्मा एक्स्प्रेसने रात्रभर प्रवास करून बेंगळूरला उतरले. विद्यापीठाचा एक माजी विद्यार्थी तिथे नोकरीला आहे, तो स्टेशनवर आला होता. अशा माजी विद्यार्थ्यांची यादी कक्षाने आता तयार केली आहे. हा आधार पैशाचा नाही, पण तो नसता तर वडिलांनी कदाचित दुसऱ्यांदा विचार केला असता.

श्रेयांकांची बाजू

युरोपात एका सत्राला ३० श्रेयांक, आपल्याकडे राष्ट्रीय चौकटीनुसार साधारण २०. निघण्याआधी विद्यार्थी, इथलं विद्यापीठ आणि तिथलं विद्यापीठ अशा तिघांच्या सह्यांचा शिक्षण-करार होतो. आल्यावर कुठला पेपर कशाऐवजी धरायचा, ते त्यात असतं. अभ्यास मंडळाचा आग्रह होता की पेपरचं नाव जुळलं पाहिजे. जर्मनीत ‘पर्यावरणीय रसायनशास्त्र’ या नावाचा पेपर त्या सत्रात नव्हता, पण पाणी आणि माती यांच्या विश्लेषणाचे दोन पेपर मिळून तोच अभ्यासक्रम होत होता. शेवटी नावाऐवजी आशय पाहायचं ठरलं. एक अनिवार्य पेपर राहिला, तो ती पुढच्या तुकडीबरोबर देईल.

हे लिहिताना सोपं वाटतं. प्रत्यक्षात या एका मुद्द्याने सगळ्यांत जास्त बैठका खाल्ल्या. परत आल्यावर वर्ष वाया जाणार, ही भीती गावातल्या घरात विमानाच्या भीतीपेक्षा मोठी असते. मुलीचं लग्न, धाकट्या भावाची फी, घरचं सगळं गणित त्या वर्षाला बांधलेलं असतं. ‘वर्ष वाया जाणार नाही’ हे विद्यापीठाने सहीशिक्क्यासह लिहून दिलं, तेव्हा आईने होकार दिला. मुलीचा होकार आधीपासून होता.

अजून न सुटलेलं

त्या फेरीत चारही जागा भरल्या. कणकुंबीकडची ती विद्यार्थिनी सप्टेंबरअखेर निघाली. पण या बदलांतून काही विद्यार्थी अजूनही सुटतात, आणि ते मला टोचतं. निपाणीचा एक विद्यार्थी मुलाखतीत पुढे होता. घरी आई विड्या वळते, तो संध्याकाळी एका दुकानात हिशेब लिहितो. पाच महिने त्याचा पगार बंद झाला तर घर चालणार नाही म्हणून त्याने माघार घेतली. शिष्यवृत्ती त्याच्या खर्चासाठी आहे, घराच्या नव्हे. अशांसाठी पाच ते तीस दिवसांच्या छोट्या सघन अभ्यासक्रमांत जागा मागता येतील का, यावर भागीदार विद्यापीठाशी बोलणी चालू आहेत. ते पूर्ण सत्राची जागा घेणार नाही, पण त्याला निदान एक दार उघडेल.

संलग्न महाविद्यालयांतले पदवीचे विद्यार्थी अजून या योजनेत येतच नाहीत, कारण श्रेयांक मान्यतेची ही व्यवस्था फक्त विद्यापीठाच्या पदव्युत्तर विभागांपुरती झाली आहे. तालुक्याच्या महाविद्यालयांसाठी जागा राखून ठेवाव्यात अशी एक सूचना आहे. मला ती अर्धीच पटते. राखीव जागा ठेवल्या आणि अटी तशाच राहिल्या, तर त्या पुन्हा रिकाम्या परत जातील. त्याऐवजी मुलाखतीच खानापुरात आणि निपाणीत घ्याव्यात, म्हणजे समितीलाही त्या वर्गांत बसून बघता येईल.

पुढच्या फेरीसाठी विद्या परिषदेपुढे दोन ठराव आहेत: पासपोर्ट आणि भाषाचाचणी या अटी अर्जाच्या टप्प्यावरून कायमच्या काढणे, आणि पदवीच्या पाचव्या सत्रासाठी श्रेयांक मान्यतेची पद्धत ठरवणे. पहिला मंजूर होईल असं दिसतं. दुसरा अभ्यास मंडळांकडे अभिप्रायासाठी गेला आहे. तो परत येईपर्यंत कक्षाने पदवीच्या दुसऱ्या वर्षातल्या विद्यार्थ्यांचे पासपोर्ट अर्ज भरून घ्यायला आणि त्यांच्या कागदांवरची नावं एसएसएलसीशी जुळवून घ्यायला सुरुवात केली आहे.